गायिकेची पट्टी, ढोलकाचा ठेका: हौशी बँडमध्ये पहिल्यांदाच बेस वाजवणाऱ्यांसाठी

"शनिवारी साडेसातला तालीम. चार गाणी काळी चार, एक पांढरी दोन. दोन दादरे, बाकी केरवा. वेळेवर ये."

आमच्या बँडमध्ये नव्या माणसाला पहिला निरोप येतो तो असा. इंटरनेटवरून सहा महिने मन लावून बेस गिटार शिकलेला मुलगा हा निरोप वाचून गांगरतो, कारण त्याच्या धड्यांमध्ये सी मेजर होता, ई मायनर होता, काळी चार कुठेच नव्हती. बोटं तयार असतात, पण ज्या माणसांबरोबर वाजवायचं त्यांची बोली ठाऊक नसते. हा लेख त्या मुलासाठी आहे, आणि तशाच मुलींसाठीही.

मी पुण्यात दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि गेली नऊ वर्षं सात जणांच्या बँडमध्ये बेस वाजवते. दोन गाणारे, कीबोर्ड, ढोलक-तबला, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड), लीड गिटार आणि मी. गणपती, कोजागरी, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं, दिवाळी पहाट असे कार्यक्रम करतो. यावर कोणाचंही घर चालत नाही. तरीही दर शनिवारी सातही जण हजर असतात.

या नऊ वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. सुरुवातीला बेसवाल्याने दोनच माणसांकडे कान लावायचे: गाणाऱ्याकडे आणि ढोलकवाल्याकडे. गाणाऱ्याकडून पट्टी (त्याचा सा कोणत्या सुरावर आहे ते) घ्यायची, ढोलकाकडून ठेका घ्यायचा आणि दोघांना बांधून ठेवायचं. वेगवान बोटं, स्लॅप (अंगठ्याने तारेवर थाप), सोलो हे सगळं नंतर. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच क्रमाने लावल्या आहेत.

वाद्य निवडताना

पहिला बेस चार तारांचा घ्या. जाड तारेपासून सुरुवात केली तर त्या ई, ए, डी, जी अशा लागतात, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत जाड चार तारांच्या बरोबर एक सप्तक खाली. पाच तारांचा मोह होतो, पण पहिल्या वर्षी ती पाचवी तार वाजवण्यापेक्षा दाबून गप्प ठेवण्यातच शक्ती जाते.

नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (तारा जिथे बसतात तो खालचा आधार) ही तारेची लांबी बहुतेक बेसवर ३४ इंच असते. हात लहान असेल तर ३० इंचाचा शॉर्ट स्केल मिळतो. मी दोन वर्षं तोच वाजवला आणि त्यात काही कमीपणा वाटला नाही. नव्या, वाजवण्याजोग्या बेससाठी पंधरा-वीस हजारांची तयारी ठेवा. सेकंड हँड घेणार असाल तर वाजवणाऱ्या कोणाला तरी बरोबर न्या आणि घाई करू नका. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेलं घर) दाबून पाहा, कुठे खरखर येते का. खुंट्या फिरवून पाहा. केबल लावून जॅक हलवा, आवाज तुटतोय का ते ऐका. मान डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी निरखा. थोडा बाक चालतो, पीळ चालत नाही. मुंबईत असाल तर धोबी तलावाजवळ १८६५ पासून चालत आलेल्या फुर्टाडोजमध्ये एक दुपार काढा. चार-पाच बेस हातात घेतल्याशिवाय आपल्या हाताला काय मानवतं ते कळत नाही.

अॅक्टिव्ह की पॅसिव्ह, असं दुकानदार विचारेल. अॅक्टिव्हमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते, पॅसिव्हमध्ये नसते. सुरुवातीला पॅसिव्ह घ्या. अॅक्टिव्ह घेतलाच, तर वाजवून झाल्यावर बेसमधली केबल काढायची सवय आजच लावा. केबल आत असेपर्यंत बॅटरी चालू राहते, आणि रात्रभर राहिलेली केबल दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात घात करते.

हे वाद्य काही फार जुनं नाही. लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला १९५१ साली. त्याआधी खालचे सूर माणसाएवढ्या उंच डबल बासवर वाजायचे. तो वाहून न्यायचा म्हणजे दिव्य, आणि फ्रेट नसल्यामुळे सूर नेमका लावायचा तर वर्षानुवर्षांची मेहनत. फ्रेटमुळे सूर नेमका येतो म्हणून नाव प्रिसिजन. आज पाठीवर बेस टाकून तुम्ही बसमध्ये चढू शकता ते यामुळे.

पहिला महिना: पट्टी

आता मुख्य काम. आपल्याकडे गाणारी माणसं पट्टी सांगतात ती पेटीवरून. पांढऱ्या पट्ट्या सात: पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळ्या पाच: काळी एक सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. एवढं पाठ केलं की निम्मी भीती जाते.

पण नुसतं पाठ करून भागत नाही. गायिका "काळी चार" म्हणाली की डोक्यात जी शार्प यायच्या आधी बोट जागेवर गेलं पाहिजे. म्हणून घरं लक्षात ठेवा. जाड ई तारेवर पहिला फ्रेट पांढरी चार, दुसरा काळी तीन, तिसरा पांढरी पाच, चौथा काळी चार, पाचवा पांढरी सहा, सहावा काळी पाच. ए तारेवर दुसरा फ्रेट पांढरी सात, तिसरा पांढरी एक, चौथा काळी एक, पाचवा पांढरी दोन, सहावा काळी दोन, सातवा पांढरी तीन. बारा घरं झाली. घरातल्या कोणालातरी चिठ्ठ्या करून द्या, त्यांनी एक चिठ्ठी उचलायची आणि तुम्ही बोट ठेवायचं. माझ्या भाचीने माझी अशी तालीम घेतली होती, तेव्हा ती दुसरीत होती.

सा सापडला की बाकीचं एकाच साच्यात बसतं. सा वर मधलं बोट ठेवा. त्याच फ्रेटवर शेजारची बारीक तार म्हणजे म. त्याच तारेवर म च्या दोन फ्रेट पुढे, करंगळी पडते तिथे प. त्याच्याही शेजारच्या तारेवर, करंगळीच्याच फ्रेटवर, तार सा. शुद्ध ग हवा असेल तर म च्या एक फ्रेट मागे, तर्जनीखाली. कोमल नी सा च्याच फ्रेटवर, पण दोन तारा पलीकडे. हा साचा मानेवर कुठेही सरकवा, नाती तीच राहतात. पेटीवाल्याला पट्टी बदलली की बोटांची ठेवण बदलावी लागते, आपल्याला फक्त हात सरकवायचा असतो. गायिकेचा घसा बसलेला असेल आणि ती ऐन वेळी "आज अर्धा सूर खाली घेऊ या" म्हणाली, तर आख्ख्या बँडमध्ये सगळ्यात निवांत माणूस तुम्ही असाल.

मात्र त्यासाठी एक पथ्य आहे. मोकळ्या तारांवर गाणं बसवू नका. मोकळी तार सरकत नाही.

सा ए तारेवर असेल तेव्हा आणखी एक सोय मिळते: त्याच फ्रेटवरची जाड तार म्हणजे मंद्र प. सा आणि खालचा प, एवढ्या दोन सुरांवर कितीतरी भावगीतं अख्खी पार पडतात. पांढरी एक, काळी एक आणि पांढरी दोन या पट्ट्या बेसवाल्याला गोड वाटतात त्या यामुळेच.

पट्टीच्या बाबतीत दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. पहिलं ठिकाण कीबोर्ड. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. वादक बोटांनी सी वाजवतो आणि बटणाने ते काळी एक करतो. माझ्या तिसऱ्या का चौथ्या कार्यक्रमात मी कीबोर्डकडे वाकून विचारलं, "काय धरलंय?" उत्तर आलं, "सी." मी पांढरी एक धरली, तो काळी एकमध्ये वाजत होता. अर्ध्या सुराची ती टक्कर खालच्या सप्तकात इतकी घाणेरडी लागते की गायिकेने मुखडा मध्येच सोडला आणि मागे वळून पाहिलं. तेव्हापासून मी "काय धरलंय?" असं विचारत नाही. "पट्टी कोणती आणि ट्रान्सपोज कितीवर?" असं विचारते.

दुसरं ठिकाण पेटी. ट्यूनर ए सूर ४४० हर्ट्झवर लावून देतो, पण जुन्या पेटीला ते ठाऊक नसतं. ती थोडी चढी किंवा उतरी असू शकते. पेटी साथीला असेल तर ट्यूनर बाजूला ठेवा, तिचा सा धरायला सांगा आणि कानाने लावा. पेटी लगेच बदलता येत नाही, तुमच्या खुंट्या फिरतात.

दुसरा महिना: ठेका

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून चालवायला शिका, पण त्याचं दडपण घेऊ नका. मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षं बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन एकट्या तर्जनीने वाजवायचा. अमेरिकेचीच बेसवादक कॅरल के पिक (तार छेडायची छोटी चकती) वापरायची. उजवा हात कसा चालतो यापेक्षा तो कधी चालतो हे महत्त्वाचं.

केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, ना क धि न. तबलजीला तो सावकाश वाजवायला सांगा आणि फक्त डग्गा ऐका. पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर तो घुमतो. तिसरीपासून सहावीपर्यंत खाली शांतता असते. बेसची जागा ठरते ती या घुमाऱ्यावरून आणि या शांततेवरून. पहिल्या मात्रेवर सा वाजवा आणि चौथीपर्यंत धरून ठेवा, दुसरीवर डग्ग्याला एकट्याला बोलू द्या. पाचवीवर प. सातवीवर सा चा छोटा, तुटक ठोका, जो ढकलत समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, आणून सोडतो. बस. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला साठवर लावून हेच पाच मिनिटं वाजवा. एक मिनिट झालं की हात शिवशिवतो, काहीतरी भर घालावीशी वाटते. घालू नका. पाच मिनिटं हाताला आवर घालता आला की तुम्ही तालमीला यायला तयार आहात.

दादरा सहा मात्रांचा. एकवर सा, चारवर प, बाकी मोकळं. एवढ्यानेही गाणं उभं राहतं.

सूर सुरू कुठे करायचा हे सगळे शिकवतात. तो थांबवायचा कुठे, हे फारसं कोणी सांगत नाही. बेसची तार छेडली की ती बराच वेळ गुंजत राहते, आणि पुढच्या सुरावर मागचा सूर सांडला की सगळा चिखल होतो. डावं बोट तारेवरून न उचलता नुसतं सैल करा, सूर गप्प होतो. उजव्या हाताचा अंगठा न वाजणाऱ्या जाड तारांवर टेकलेला ठेवा. कानाला हे पटकन कळत नाही, म्हणून तालमीत स्वतःचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी हेडफोन लावून ऐका. चिखल कुठे झाला ते तिथे स्पष्ट ऐकू येतं.

ऑक्टोपॅड असेल तर किकचा (मोठ्या ड्रमच्या खालच्या ठोक्याचा) आवाज कोणत्या पॅडवर आहे ते पाहून ठेवा आणि तो हात दिसेल असे उभे राहा. किक आणि बेस एकत्र पडले की ऐकणाऱ्याला ते दोन आवाज वाटत नाहीत, एकच भरीव ठोका वाटतो. दोघं केसभर मागेपुढे झाले तर कोणाला कारण सांगता येत नाही, पण गाणं ढिलं वाटतं आणि पाय थबकतात.

लग्गी सुरू झाली, ढोलकवाला दुपटीत गेला, की नवा बेसवाला त्याच्याबरोबर धावतो. मीही धावायचे. उलट करा. तो जितका दाट वाजवेल तितके तुम्ही विरळ व्हा, समेवर एकच खणखणीत सा द्या. त्याला परत यायला घर लागतं, ते तुम्ही उभं ठेवायचं. लावणीतही तेच. ढोलकी आणि हलगीने खालची-वरची सगळी जागा भरलेली असते, तिथे जास्त वाजवलं तर ढोलकीचाच नाद मारला जातो.

गाणं बसवताना

गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकून बसवू नका. मोकळ्या ई तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा आहे, आणि बोटभर स्पीकरमधून तो बाहेरच पडत नाही. तुम्हाला ऐकू येतात त्या वरच्या सावल्या. चांगले हेडफोन लावा. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तरीही बेस पुसट असेल, तर गाणं एक सप्तक वर चढवून देणारं एखादं अॅप वापरा. खाली दबलेला बेस एकदम माणसाच्या आवाजाच्या टापूत येतो आणि कान त्याला पकडतात.

क्रम असा ठेवा. आधी वाद्याला हात न लावता गाणं दोनदा ऐका आणि ठेका मोजा. मग फक्त सा कुठे बदलतो ते शोधा. मग मुखडा, अंतरा, पहिलं म्युझिक, दुसरं म्युझिक अशी फोड करा. मूळ बेसची ओळ जशीच्या तशी उतरवायची सगळ्यात शेवटी, आणि तीही वेळ उरला तर. मूळ रेकॉर्डिंगला चाळीस-पन्नास व्हायोलिनं असू शकतात. तुमच्याकडे सात माणसं आहेत, तिथे तीच ओळ कधी कधी पोकळ वाटते. मुंबईच्या मोहिनी डेचं किंवा रहमानच्या गाण्यांवर वाजवणाऱ्या कीथ पीटर्सचं वादन जरूर ऐका. त्यांची करामत ऐकून झाली की तेच गाणं परत लावा आणि या वेळी ते कुठे वाजवत नाहीत ते ऐका.

आणि वही करा. फोनमधली नव्हे, कागदाची. स्टेजवरच्या लाल-निळ्या दिव्यांत फोनचा पडदा वाचता येत नाही आणि घामेजल्या बोटाला तो दाद देत नाही. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "गायिका, काळी ४, केरवा, ९६. दुसऱ्या म्युझिकला बेस नाही. दुसऱ्या अंतऱ्यात तिसऱ्या ओळीला म, घाई नको. शेवट तिहाईवर, हात पाहा." ९६ ही मेट्रोनोमवरची लय, आणि तिहाई म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा. जाड स्केच पेनने, एका पानावर एकच गाणं. तीन तासांच्या कार्यक्रमाला वीस-बावीस पानं लागतात.

तालमीच्या खोलीत

वीस-तीस वॉटचा सरावाचा अॅम्प (बेसचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) घरी पुरतो, ढोलक आणि ऑक्टोपॅडपुढे तो दिसेनासा होतो. सुरुवातीला मोठा अॅम्प विकत घेऊ नका. तासाच्या भाड्याने जॅम रूम मिळते, तिथे असतो.

खोलीत अॅम्प कोपऱ्यात ढकलू नका. बेसच्या सर्वांत खालच्या सुराची हवेतली लाट आठ मीटरहून लांब असते आणि आपली खोली दहा बाय बाराची. कोपऱ्यात घुमारा वाढतो आणि काही सूर विनाकारण गरजतात, काही नाहीसे होतात. भिंतीपासून दोन हात पुढे घ्या, खुर्चीवर ठेवा, आपल्या कानाकडे वळवा. निम्म्या आवाजात काम भागेल. कानात फोमचे बोळे घाला. कान एकदा गेले की परत येत नाहीत.

तालमीत सगळे वाद्यं लावत असताना वाजवत बसू नका. हा बेसवाल्यांचा जुना आजार आहे, आणि ढोलकवाला ढोलक चढवत असताना खालून बेस घुमत राहिला तर त्याला सूरच मिळत नाही. आपली ट्यूनिंग आवाज बंद करून ट्यूनरवर उरका आणि गप्प बसा. एवढ्या एका सवयीमुळे लोक तुम्हाला परत बोलावतात.

घरी सराव हेडफोनवर. खालचा आवाज भिंतीतून जातो. शेजारच्या आजींना गाणं ऐकू जात नाही, नुसता धडधडाट जातो, आणि तो झोपेत टोचतो.

कार्यक्रमाचा दिवस

पिशवी आदल्या रात्री भरा. दोन केबली, तारांचा एक संच, ९ व्होल्टची बॅटरी, ट्यूनर, पट्टा, वही, स्केच पेन, इन्सुलेशन टेप, कपडे वाळत घालायचे चार चिमटे (वही वाऱ्याने उलटू नये म्हणून), सुती फडकं, टॉर्च आणि टेस्टर. केबलच्या मोठ्या जॅकला साउंडवाले पी-३८ म्हणतात आणि एक्सएलआरला (माइकच्या केबलच्या तीन पिनांच्या जोडणीला) कॅनन. हे दोन शब्द आले की तुमचं काम लवकर होतं. जॅक सैल झाला असेल तर पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नवा मिळतो. डाग देऊन तो स्वतः बसवायला शिका.

साउंडवाल्याला जाऊन भेटा, नमस्कार करा, चहा विचारा. मला बरेचदा "ताई, तुमचा माइक कुठे लावू?" असं विचारतात. मी बेस दाखवते आणि म्हणते, "दादा, डीआय बॉक्स आहे का?" बेसचा सिग्नल लांबच्या मिक्सरपर्यंत थेट केबलने नेला तर तो मलूल होतो आणि गुणगुण पकडतो. डीआय बॉक्स तो कॅननच्या केबलवरून सुखरूप पोचवतो. गुणगुण आलीच तर त्याच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून पाहा.

पण गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कधीही काढू देऊ नका. हे मी कळवळून सांगते. एका मंडळाच्या मांडवात जनरेटरवर सगळं चाललं होतं. मी कोरसला माइकजवळ गेले, हात तारांवर होता, आणि ओठ जाळीला लागले तसा सणसणीत झटका बसला. दात एकमेकांवर आपटले. नंतर पाहिलं तर माझ्या अॅम्पच्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. तेव्हापासून वाजवायला उभं राहण्याआधी मी टेस्टरचं टोक माइकच्या जाळीला लावते, मग बेसच्या ब्रिजला लावते. दिवा लागला तर वाद्य खाली ठेवते आणि मंडळाच्या वायरमनला बोलावते. तो येईपर्यंत कार्यक्रम सुरू होत नाही, कोणी कितीही घाई केली तरी. दिवा लागला नाही म्हणजे सगळं सुरक्षित आहे असंही नाही, म्हणून अॅम्प आणि मिक्सर एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घ्यायला सांगा, आणि पाऊस आत येत असेल तर खाली लाकडी फळी मागा.

वेळेचं गणित कायद्याने ठरतं. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस आधी जाहीर होतात. आपला दिवस त्यात आहे का ते आयोजकांना विचारा. नसेल तर तुमचं सगळ्यात चांगलं गाणं पावणेदहासाठी राखून ठेवू नका. हारतुरे लांबतात, आणि ते गाणं राहून जातं. दिवाळी पहाटेचं उलटं. कार्यक्रम सहाला, म्हणजे आपण चारला मांडवात. त्या थंडीत बोटं आखडतात, म्हणून थर्मासमधून गरम पाणी न्या, पेला दोन्ही तळव्यांत धरा, आणि पहिलं गाणं सावकाश ठेक्यातलं ठेवायला आधीच सांगून ठेवा.

स्टेजवर ढोलकाच्या शेजारी उभे राहा. मॉनिटरमध्ये (स्टेजवर आपल्याकडे तोंड असलेल्या स्पीकरमध्ये) गायिका आणि ढोलक मागा, बाकी काही नको. चूक झाली तर थांबू नका, चेहरा बदलू नका, पुढची सम पकडा. समेवर सा बरोबर पडला की मधलं बहुतेक सगळं लोक विसरतात.

पाऊस, पैसे, घर

जून ते सप्टेंबर लाकूड दमट होतं आणि मान हलते. तारा अचानक उंच वाटू लागल्या किंवा खरखरू लागल्या तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) बघावा लागतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि पहिल्यांदा जाणकाराच्या देखत. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार फडक्याने खालून-वरून पुसा. कोकणात, मुंबईत तर हे न चुकता करा, खाऱ्या हवेत तारांना गंज लवकर धरतो. चांगला संच दीड-दोन हजारांना पडतो, तो पुसून दुप्पट टिकतो. मे महिन्यात बेस बंद गाडीत ठेवू नका.

दुचाकीवर नेताना बेसची मान डोक्याच्या वर हातभर निघते. झाडाच्या फांद्या, पार्किंगचा दरवाजा, बसथांब्याचं छत यांचा अंदाज येईपर्यंत दोन-चार आठवडे सावकाश चालवा. जोरात ब्रेक मारू नका.

मानधनाचं आधी बोला, आणि सगळ्यांसमोर बोला. शाल-नारळावर वाजवायचं असेल तर तसं ठरवून वाजवा, त्यात कमीपणा नाही. पण साउंडचे पैसे, रिक्षा, पेट्रोल कोणी द्यायचे हे कार्यक्रमानंतर रात्री साडेबाराला ठरवायला गेलात तर चांगल्या मैत्रीला चरा जातो. आम्ही मिळालेल्या रकमेतून आधी प्रवासखर्च काढतो, मग तारा आणि ढोलकाच्या दुरुस्तीसाठी थोडे बाजूला ठेवतो, आणि उरलेले सारखे वाटतो. गाणाऱ्यांना जास्त नाही, बेसला कमी नाही.

तालमीच्या आणि कार्यक्रमांच्या तारखा घरच्या कालनिर्णयवर लिहून टाका, घरातल्या सगळ्यांना येता-जाता दिसतील अशा. गणपतीत दहा दिवसांपैकी किमान दोन संध्याकाळी घरच्या आरतीला राहायचं, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. त्या दोन तारखा मी बँडला जुलैतच सांगते.

कार्यक्रम संपल्यावर

आधी आवाज बंद, मग केबल काढायची. उलट केलं तर स्पीकरमधून फाडकन आवाज येतो आणि साउंडवाला दचकतो. केबल कोपरावर गुंडाळू नका, आत पीळ पडून तुटते, हातात सैल वेटोळी करा. तारा पुसा. ढोलकवाल्याला सामान उचलायला हात द्या. आणि घरी जाऊन झोपण्याआधी, हात अजून गरम असताना, वही उघडून तीन ओळी लिहा. काल रात्रीच्या माझ्या ओळी या: "तिसरं गाणं पळालं, ९६ चं १०४ झालं, मी ओढलं. दादऱ्याला प ऐवजी मंद्र प जास्त शोभला. गायिका म्हणाली, पुढच्या वेळी काळी चार नको, पांढरी पाच."